कागदाबाहेरचा इतिहास

गावातल्या, वाडीतल्या, चाळीतल्या माणसांच्या तोंडून त्यांचा भूतकाळ नोंदवून ठेवण्याचे काम महाराष्ट्रात मुख्यतः कार्यकर्त्यांनी केले. त्यांतल्या बहुतेकांना या कामाचा पगार नव्हता आणि अनेकांचे शिक्षणही बेताचेच होते. विद्यापीठांचे इतिहास विभाग या वाटेला उशिरा आले. या उशिराचे कारण मराठी इतिहासलेखनाच्या घडणीतच सापडते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले मोडी कागदांचे रुमाल राजवाडे व त्यांच्या बरोबरीच्यांनी ज्या हट्टाने वाचवले, त्याला तोड नाही. पण या परंपरेने एक सवयही लावली: अस्सल कागद असेल तर इतिहास, नाहीतर दंतकथा. ज्यांच्या घरी दप्तर नव्हते त्यांचा भूतकाळ या चाळणीतून सरळ खाली पडला. महार, मांग, ठाकर, कातकरी, कुणब्यांच्या बायका, गिरणीतले बदली कामगार यांचे कागद असलेच तर ते दुसऱ्यांनी लिहिलेले, म्हणजे सावकाराच्या वहीतले, पोलिसांच्या नोंदीतले किंवा खानेसुमारीच्या तक्त्यातले.

तोंडी साधने कोणी गोळाच केली नाहीत असे मात्र नाही. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ हा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांकडून पोवाडे मिळवून १८९१ मध्ये त्यांचा संग्रह छापला. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. दुर्गा भागवतांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शास्त्राची शिस्त लावली. सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने शासनाच्या लोकसाहित्य समितीने ओव्या, उखाणे, कहाण्या, म्हणी यांचे खंडामागून खंड काढले. हे ऋण मोठे आहे. तरीही या संग्रहांचा रोख साहित्याकडे किंवा थोर पुरुषांच्या पराक्रमाकडे होता. ओवी कोणत्या बाईने सांगितली, ती कोणत्या गावची, तिने ती कोणत्या प्रसंगाने म्हटली, हे लिहून ठेवावे असे फारसे कोणाला वाटले नाही. ओवी ‘लोकां’ची ठरली आणि ती सांगणारी बाई त्या लोकांत विरून गेली.

ध्वनिमुद्रण आल्यावरही आरंभी फरक पडला तो वरच्या थरापुरताच. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील नेहरू स्मारक संग्रहालयाने १९६६ च्या सुमारास मौखिक इतिहासाचा विभाग सुरू केला, तो स्वातंत्र्यलढ्यातले नेते, प्रशासक आणि विचारवंत यांच्या मुलाखतींसाठी. सामान्यांकडे वळण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. कॅसेटचा टेपरेकॉर्डर स्वस्त होऊन खांद्यावरच्या पिशवीत मावू लागला, ही त्यातली पहिली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सत्तरच्या दशकात दलित चळवळ, स्त्रियांच्या संघटना, शेतमजुरांच्या व आदिवासींच्या संघटना उभ्या राहिल्या आणि आपल्या आधीची माणसे कोण होती, ती कशी लढली, हा प्रश्न या संघटनांना रोजच्या कामातच पडू लागला. शेजारी हैदराबादेत स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तेलंगणच्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या मुलाखती घेऊन १९८६ मध्ये त्यांचे तेलुगू पुस्तक केले. १९८८ मध्ये मुंबईत सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ‘स्पॅरो’ हा स्त्रियांविषयीचा दृक्‌श्राव्य संग्रह सुरू केला.

महाराष्ट्रातले सर्वांत मोठे काम मात्र पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात, फारसा गाजावाजा न होता चालले होते. मूळचे फ्रेंच असलेले, १९७२ पासून पुण्यात राहिलेले समाजशास्त्रज्ञ गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी, मावळ, वेल्हे या भागांत गरीब डोंगरी संघटनेच्या लोकांबरोबर काम केले. या मुलखाला सह्याद्रीचा पाऊस आहे, पण जमीन वरकस. मुळशी पेट्याने १९२१ ते १९२४ या काळात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला आणि तो हरला. धरण झाले, खोऱ्यातली भातजमीन पाण्याखाली गेली आणि माणसे वर सरकली किंवा मुंबईला गेली. त्या सत्याग्रहावर पुस्तके आहेत. त्यानंतरच्या साठ वर्षांत डोंगरावरच्या बायकांनी काय सोसले, ते मात्र कोणत्याही दप्तरात नव्हते. ते जात्यावर होते.

ही गोष्ट राईरकर आणि पॉइट्वाँ यांच्या लक्षात आली ती संघटनेच्या कामातून. बैठकीत बाईला विचारले, ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा,’ तर ती म्हणे, ‘आमचं काय सांगायचं?’ तीच बाई जात्याच्या खुंट्याला हात घातला की ओवीमागून ओवी गाई आणि त्या ओव्यांत सासर, माहेर, मारझोड, भावाची वाट, पंढरीची वारी, लेकीचा जन्म, सवत, सावकार असे सगळे येई. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण मराठीत सैल अर्थाने वापरली जाते. इथे तिचा अर्थ शब्दशः घ्यावा लागतो, कारण हात फिरल्याखेरीज अनेकींना ओवी आठवतच नसे. बोलताना सापडत नसलेले शब्द दळताना सापडत. पहाटेच्या अंधारात, घरातले पुरुष झोपलेले असताना, समोर जोडीला फार तर जाऊ किंवा शेजारीण असताना म्हटलेली ही गाणी होती. म्हणून त्यांत जी मोकळीक आहे ती दिवसाउजेडी दिलेल्या मुलाखतीत येत नाही.

काम सुरू झाले वहीवर. संघटनेतल्या ज्या बायकांना लिहिता येत होते त्या आपल्या आईच्या, सासूच्या, शेजारणीच्या ओव्या उतरवून घेत, आणि ज्यांना येत नव्हते त्या सांगत. या संग्राहक बायका स्वतःही ओव्या गाणाऱ्या होत्या. मुळशी तालुक्यातल्या कोळवडे, नांदगाव अशा गावांत गाणारी कोण आणि गोळा करणारी कोण, हा भेद करणेच अवघड होते. त्याचा परिणाम ओव्यांच्या आशयावर झाला. पुण्याहून आलेल्या सुशिक्षित पाहुण्यापुढे बाई देवाची ओवी म्हणते, कारण तेवढी सांगण्याजोगी असे तिला वाटते. संघटनेतल्या मैत्रिणीपुढे ती सासूची म्हणते, नवऱ्याची म्हणते. सीतेच्या ओव्यांचे तसेच. वरवर पाहता त्या रामायणाच्या, पण गाणाऱ्या बायकांनी वनवासी सीतेच्या तोंडी स्वतःचे गाऱ्हाणे घातलेले असते, आणि ते ओळखायला ऐकणारीनेही कधीतरी सासरचा उंबरा ओलांडलेला असावा लागतो.

पुढे काम पुणे जिल्ह्याबाहेर, मराठवाड्यापर्यंत पसरले. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. हा ठेवा विशेष मोलाचा आहे, कारण जात्यावरची ओवी म्हणजे रामायण आणि पांडुरंग असा जो समज रूढ होता, तो या बायकांनी निकालात काढला. नवा विषय आला तेव्हा त्यांनी जुन्याच चालीत तो ओवला. बर्नार्ड बेल या संगणकाच्या जाणकार संगीत-अभ्यासकाने नव्वदच्या दशकात या कामात सामील होऊन ध्वनिमुद्रणाला आणि नोंदींच्या सूचीला शिस्त आणली. एकूण संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. गावे हजाराच्या वर, गाणाऱ्या बायका तीन हजारांच्या वर आणि ध्वनिमुद्रण सुमारे १२० तासांचे. प्रत्येक ओवीला विषयाची खूण लावलेली, आणि तिच्याशी बाईचे नाव व गाव जोडलेले. जुन्या संग्रहांशी तुलना केली तर सगळ्यात मोठा फरक हाच.

वेळही नेमकी साधली गेली. गावोगाव विजेच्या पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. लग्नात हळद दळण्यापुरते ते बाहेर निघू लागले. गिरणीने बायकांचे पहाटेचे कष्ट वाचवले, आणि त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार ज्यांनी कधी पायली दळली नाही त्यांना नाही. पण दळणाबरोबर गाण्याची वेळ आणि गाण्याचा एकांतही गेला. आणखी वीस वर्षे उशीर झाला असता तर हा संग्रह झाला नसता.

याच सुमारास मुंबईत दोन बायका वेगळ्या शोधात होत्या. उर्मिला पवार सरकारी नोकरीत होत्या. मीनाक्षी मून स्त्रियांच्या प्रश्नांवर ‘मैत्रणी’ हे नियतकालिक चालवत. आंबेडकरी चळवळीत बायका होत्या, हे दोघींना लहानपणापासून ऐकून ठाऊक होते. छापील इतिहासात मात्र त्या नव्हत्या. महाडच्या १९२७ च्या परिषदेला बायका आल्या, बाबासाहेबांनी त्यांच्यापुढे स्वतंत्र भाषण केले. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बायका होत्या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची मोठी परिषद भरली. पण परिषदेच्या बातमीत अध्यक्षांचे नाव आणि ठराव असतात. पोरे कडेवर घेऊन तिथे पोचलेल्या बाईने घरी काय सांगून उंबरा ओलांडला, ते नसते.

पवार आणि मून यांनी त्या बायकांचा माग काढला. तोवर त्या म्हाताऱ्या झालेल्या होत्या, काही वारल्या होत्या. चाळीसच्या वर स्त्रियांच्या मुलाखती आणि चरित्रे एकत्र करून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक निघाले. वंदना सोनाळकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला. या पुस्तकाची बांधणी ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिल्या भागात ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ यांसारख्या पत्रांतून आणि इतर साधनांतून काढलेला चळवळीचा क्रमवार इतिहास आहे, दुसऱ्यात बायकांची स्वतःची कथने. त्यामुळे वाचणाऱ्याला एकच प्रसंग कागदावर आणि आठवणीत असा दोन्हीकडून पाहता येतो. राजवाड्यांच्या परंपरेतल्या कोणालाही नाकारता येणार नाही असे हे काम, आणि ते विद्यापीठाबाहेर झाले. याच काळात दलित स्त्रियांची आत्मकथने छापून येऊ लागली होती. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ चे. नाशिकच्या शांताबाई दाणी यांचे ‘रात्रंदिन आम्हा’ हे त्यांनी सांगितलेले, भावना भार्गवे यांनी शब्दांकित केलेले. आत्मचरित्र आणि मुलाखत यांच्यामध्ये शब्दांकन नावाची जी मराठी वाट आहे, तिने मौखिक इतिहासाला पुष्कळ सामग्री दिली. पण तिच्यात एक खोट आहे. प्रश्न काय विचारले ते पानावर राहत नाही, त्यामुळे सांगणाऱ्याचे कुठे संपते आणि लिहिणाऱ्याचे कुठे सुरू होते हे कळत नाही.

गिरणगावाची नोंद झाली ती गिरण्या पडत असताना. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांचे एक वेगळे नगर वसले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसकांना खुल्या झाल्या. कामगार चळवळीत काम करणाऱ्या मीना मेनन आणि वास्तुरचनाकार नीरा आडारकर यांनी कामगार, त्यांच्या घरच्या बायका, खानावळी चालवणाऱ्या, शाहीर, युनियनचे लोक यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतून ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक २००४ मध्ये कोलकात्याहून इंग्रजीत प्रसिद्ध झाले. राजनारायण चंदावरकर या गिरणी कामगारांच्या इतिहासकाराने त्याला दीर्घ प्रस्तावना लिहिली. आयुष्यभर कागदपत्रांत बुडालेल्या अभ्यासकाने तोंडी साधनांना दिलेली ही दाद होती.

या पुस्तकाचे बळ त्याच्या बेशिस्तीत आहे, असे म्हटले तर चालेल. युनियनच्या इतिहासात येतात ते संप, करार, पगारवाढ आणि फूट. कामगार सांगतो ते गाळ्याबद्दल: एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसे, गावकऱ्यांचे मंडळ, भजन, गणपती, कबड्डी, खानावळवालीची उधारी. साचेखात्यातला आवाज, रीळखात्यातल्या बायका आणि त्यांच्यावरची नाईकीण, दारावर बदलीसाठी उभे राहणे, जॉबरची मर्जी सांभाळणे. लाल बावट्याच्या कलापथकात अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांना मैदानात ऐकलेली माणसे त्यात बोलतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला गोळीबार पाहिलेली आणि पुढे १९६६ मध्ये निघालेल्या शिवसेनेत गेलेली माणसेही बोलतात. एकाच चाळीत भगवे आणि लाल शेजारी राहत होते. म्हणून एकाच घटनेच्या दोन कहाण्या पुस्तकात समोरासमोर उभ्या राहतात आणि संपादक त्यांत निवाडा करत नाहीत. हे योग्यच आहे. मौखिक इतिहासात साक्षी जुळवून एक करण्याची घाई झाली की त्यातले निम्मे सत्य जाते.

संपाचेच घ्या. तो केव्हा संपला, याला कागदावर उत्तर नाही, कारण तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कोणी गावी गेला, कोणी दुसऱ्या वर्षी मान खाली घालून कामावर रुजू झाला, कोणाची गिरणीच उघडली नाही. म्हणून प्रत्येकाच्या बोलण्यात संपाची लांबी वेगळी निघते. तारखांचा माणूस याला चूक म्हणेल. पण अडीच लाख घरांत संप वेगवेगळ्या दिवशी संपला, हेच त्या संपाबद्दलचे खरे विधान आहे.

तारखांची अडचण सर्वत्रच येते. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला जन्मसाल विचारून उपयोग नसतो. त्याचा काळ संकटांनी मोजलेला असतो. जुन्या पिढीच्या बोलण्यात १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, येई. त्यानंतरच्यांकडे रझाकारांचा धुमाकूळ, पुण्याकडे १९६१ चा पानशेतचा पूर, साताऱ्याकडे १९६७ चा कोयनेचा भूकंप, लातूर-उस्मानाबादेत १९९३ चा किल्लारीचा, आणि जवळपास सगळ्या महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ. ‘दुष्काळात खडी फोडायला गेलो तेव्हा थोरला पोटात होता’ एवढ्या वाक्यावरून जाणता कार्यकर्ता सांगणाऱ्या बाईचे लग्न, थोरल्याचे वय आणि रोजगार हमीची सुरुवात जुळवून घेतो. बाहेरून आलेला माणूस प्रश्नावली पुढे करतो, आणि रकाना रिकामा राहतो.

कोण विचारतो, यावर काय सांगितले जाते हे ठरते. ही बाब तिन्ही कामांत दिसते आणि तिची दुसरी बाजूही आहे. कार्यकर्त्याला चळवळीचा इतिहास हवा असतो. त्यामुळे लढलेली माणसे नोंदीत येतात आणि न लढलेली, घाबरलेली, मध्येच फुटलेली गळतात. संप मोडून पहिल्या दिवशी आत गेलेल्या कामगाराची कहाणी लढणाऱ्यांच्या कहाणीइतकीच इतिहासाची आहे, पण ती मिळवणे फार कठीण. जवळच्या माणसाला पुष्कळ सांगितले जाते हे खरे, तसेच जवळच्यापासूनच पुष्कळ लपवलेही जाते. भावकीतला वाद, जातीने घातलेला बहिष्कार, मुलीचे पळून जाणे या गोष्टी कधी कधी परक्यापुढेच सुटतात.

भाषेचा प्रश्न वेगळाच. ध्वनिफीत कागदावर उतरवताना ‘व्हतं’चे ‘होतं’ होते, ‘म्या’चा ‘मी’ होतो आणि मधली थांबणी गाळली जातात. लिहिणाऱ्याला वाटते, आपण बाईला शुद्ध करून तिचा मान राखला. प्रत्यक्षात तिची जात, तिचा तालुका, तिचे वय अशा सगळ्या खुणा पुसल्या जातात. ओव्यांच्या संग्रहात बोलीचे रूप बऱ्याच अंशी राखले गेले, कारण ओवीला चाल आहे आणि ‘शुद्ध’ केली की ती चालीत बसत नाही. गद्य मुलाखतींना असे संरक्षण नव्हते. गिरणगावच्या मुलाखतींचे तर पुस्तकच प्रथम इंग्रजीत निघाले, त्यामुळे लालबागचा कामगार छापील पानावर पहिल्यांदा बोलला तो परक्या भाषेत.

या शतकात काही जुने संग्रह नव्या हातांत गेले. पॉइट्वाँ २००४ मध्ये निवर्तले, पुढे हेमा राईरकरही गेल्या. कॅसेटचे आयुष्य मुळात थोडे, त्यात दमट हवेत फितीवर बुरशी धरते. बेल यांनी ध्वनिमुद्रणांची संगणकीय रूपे केली होती म्हणून ती टिकली. पुढे हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाकडे आला आणि २०१७ पासून ओव्या आवाज, लिखित पाठ आणि गाणाऱ्या बाईच्या माहितीसह लोकांसमोर येऊ लागल्या. त्यासाठी गावोगाव पुन्हा जाऊन जुन्या गायिकांचा शोध घेतला गेला. काही भेटल्या, काही हयात नव्हत्या. याच संग्रहासाठी पी. साईनाथ यांनी इंग्रजी सत्तेला आव्हान देणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या प्रतिसरकारातल्या तुफान सेनेच्या नव्वदीतल्या सैनिकांना गाठले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ इंग्रजांची पगाराची गाडी अडवणाऱ्यांपैकी काहींनी तो प्रसंग स्वतःच्या तोंडाने सांगितला. नवी नोंदही सामान्य माणसांच्याच हातून झाली: गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात देशभर सुमारे तीन हजार लोक राबले. त्यांत शाळामास्तर होते, भटक्या जमातींतली शिकलेली मुले होती, निवृत्त कारकूनही होते.

फोनमध्येच ध्वनिमुद्रक आल्यावर नोंद घेणे फुकट झाले आणि जपणे महाग. एका तासाची फीत उतरवायला सराव असलेल्या माणसालाही अख्खा दिवस जातो, आणि हे काम स्वयंसेवकांना सर्वांत कंटाळवाणे वाटते. म्हणून नोंदी साठतात आणि मुक्या राहतात. आता चांगल्या संग्रहांत काही बाबी पाळल्या जातात. बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि दिवस ध्वनिफितीच्या आरंभीच बोलून घेतात. काय छापायचे आणि काय नाही हे त्यालाच विचारतात. नाव देण्यात धोका असेल तर ते गाळतात, आणि नोंदीची एक प्रत त्या घरी किंवा गावच्या शाळेत ठेवतात.